नागपूरभोवतीचं रान मोजायचं तर नेमकं काय मोजायचं?

टिटवी
नमस्कार मंडळी,

आम्ही सहा-सात जण दर हिवाळ्यात उमरेडकडच्या एका मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावावर पक्षी पाहायला जातो. दोघी शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि बाकी कॉलेजची पोरं. तलावाच्या तीन बाजूंना धानाच्या बांध्या, चौथ्या बाजूला झुडपी जंगल. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य फार लांब नाही, त्यामुळे वाघ अधूनमधून इकडून जातो असं गावकरी सांगतात.

यंदा बुद्ध पौर्णिमेला मला रात्रभर पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसायला मिळालं. चितळं आली, रानडुकरं आली, मध्यरात्रीनंतर एक अस्वल येऊन कितीतरी वेळ पाण्यात बसून राहिलं. मी सगळं वेळेसकट वहीत लिहिलं. सकाळी वनरक्षक ताईंना विचारलं, हे आकडे पुढे कुठे जातात? त्या म्हणाल्या, "वाघांच्या अंदाजात हे धरत नाहीत ताई. हा निसर्गानुभव. खरी मोजणी वेगळी असते."

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात आहेत. खरी मोजणी होते कशी? आणि आमच्यासारख्यांनी तो तलाव आणि ते रान टिकावं म्हणून काही मोजायचं ठरवलं, तर काय मोजावं? माझं मत असं की आपल्याकडे फोटो उदंड झालेत, नोंदी फार थोड्या आहेत. तुम्हाला काय वाटतं?

धरमपेठकर
छान धागा. वाचतोय. आधी अस्वलाबद्दल सविस्तर लिहा की!

जाळरेषा
टिटवीताई, वनखात्यात उभी हयात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या उमेदीच्या काळात उन्हाळ्यात ठसे घेणं चालायचं. पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर माती चाळून मऊ पसरायची आणि पहाटे जाऊन पाहायची. वाघाच्या मागच्या डाव्या पंजाचा ठसा मिळाला की त्यावर काच धरायची, पेनानं कड उतरवायची, मग ती कागदावर घ्यायची. वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत बसवली आणि पुढे अनेक वर्षं देशभर तीच चालली. मेहनत प्रामाणिक होती, यात शंका नाही. पण तोच वाघ चिखलातून गेला तर पंजा मोठा उमटतो, मुरमावर लहान. दोन बीटांच्या, म्हणजे दोन वनरक्षकांच्या हद्दींच्या, सीमेवरून फिरणारा एकच वाघ दोघांच्या यादीत जायचा. सरिस्क्यात वाघ उरलेलेच नाहीत हे २००५ मध्ये उघड झालं, तेव्हा कागदावर मात्र ते होते. मग टायगर टास्क फोर्स नेमला गेला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि २००६ पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीनं अंदाज काढायला सुरुवात झाली. २०२६ ची ही सहावी फेरी.

आता मचाणाचं. उन्हाळ्यात पाणी मोजक्याच जागी असतं, तेव्हा जनावर तिथे येणारच, असा त्यामागचा हिशेब. पण आदल्या दिवशी अवकाळी पडला की रानात ठिकठिकाणी डबकी भरतात आणि मचाणावरचा माणूस रात्रभर नुसताच बसून राहतो. त्यावरून जनावरं कमी झाली असं म्हणता येत नाही. शिवाय एकच कळप दोन पाणवठ्यांवर मोजला जातो तो वेगळाच. म्हणून आता ती रात्र लोकांना रान कळावं, त्याची ओढ लागावी यासाठी आहे, आणि त्यासाठी ती मला आजही फार मोलाची वाटते.

सावजी_रस्सा
काका, पद्धत बदलली हे ठीक. पण २०२२ मध्ये महाराष्ट्रात ४४४ वाघ म्हणून राहिले, २००६ मध्ये १०३ होते म्हणून राहिले. हे ४४४ कोणी पाह्यले? जंगलात फिरणारा माणूस सांगतो की अर्धं रान कोणाच्या नजरेस पडत नाही. आकडा वाढला की सगळे खूश, म्हणून वाढतो, असं मले तरी वाटते.

अपूर्णांक
सावजीदादा, शंका रास्त आहे. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते.

समजा एका जंगलात पहिल्या पंधरवड्यात कॅमेऱ्यांत २० वेगवेगळे वाघ आले. दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा २० आले आणि त्यांतले १६ आधी आलेलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेत पाचांपैकी चार ओळखीचे. तेव्हा पहिल्या खेपेचे २० हेसुद्धा एकूण वाघांच्या पाचांपैकी चार भाग असावेत असं धरलं, तर एकूण वाघ २५ च्या आसपास येतात. प्रत्यक्षात कोणता वाघ कुठल्या कॅमेऱ्यात आला, त्याचा वावर केवढा, हे सगळं त्या गणितात घालतात. मूळ विचार मात्र एवढाच. जे दिसले नाहीत त्यांचा अंदाज, दिसलेले पुन्हा किती वेळा दिसतात यावरून.

आता खरे आकडे. २०१८ च्या फेरीत देशात १४१ क्षेत्रांत मिळून २६,८३८ जागी कॅमेरे लावले होते. ३ कोटी ४८ लाखांवर फोटो आले, त्यांत वाघांचे ७६,६५१. त्यातून २,४६१ वाघ पट्ट्यांवरून एकेक करून ओळखले गेले. देशाचा अंदाज २,९६७ होता. म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी वाघ प्रत्यक्ष फोटोत होते. बाकीच्यांचा अंदाज पायाच्या खुणा, विष्ठा, भक्ष्य आणि जंगलाची अवस्था यांवरून बांधतात.

२०२२ चा आकडा बातम्यांत ३,६८२ असा एकच छापला गेला, पण ती सरासरी आहे. किमान ३,१६७ आणि वरची मर्यादा ३,९२५. हे अंतर लपवायची गोष्ट नाही. माझ्या मते ते मथळ्यातच द्यायला हवं.

मोहफूल
पेंचमध्ये एक हंगाम कॅमेरे लावणाऱ्या चमूसोबत काम केलंय. कागदावरची पद्धत रानात कशी दिसते ते सांगते.

जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनात वाघ जाईल अशी वाट शोधायची: नाल्याचं कोरडं पात्र, बैलगाडीची जुनी वाट, दोन वाटांचा तिठा. तिथे वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा. दोन यासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, एकाच बाजूचा फोटो मिळाला तर जोडी लागत नाही. कॅमेरा साधारण गुडघ्याच्या उंचीवर ऐनाच्या नाहीतर सागाच्या बुंध्याला पट्ट्यानं आवळायचा. मग समोरचं गवत विळ्यानं साफ करायचं. ते राहिलं तर दुपारच्या गरम वाऱ्यात पातं हललं की कॅमेरा फोटो काढत सुटतो आणि कार्ड भरून जातं. पाटीवर जागेचा क्रमांक आणि तारीख लिहून तिचा पहिला फोटो. शेवटी आमच्यातलं कोणीतरी हातापायांवर रांगत वाटेवरून जायचं, लाल दिवा लुकलुकला की कॅमेरा नीट लागला.

असे किमान पंचवीस दिवस ते कॅमेरे तिथे राहतात. अधूनमधून जाऊन बॅटरी आणि कार्ड बदलायचं. वानरं पट्टे ओढतात, अस्वल चावून पाहतं, कोळी भिंगासमोर जाळं विणतो.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बफरमधल्या, म्हणजे गाभ्याबाहेरच्या पट्ट्यातल्या, कार्डांवर गुरं आणि माणसं भरपूर येतात. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाया असतात, सरपणाची मोळी घेतलेली म्हातारी असते. हे फोटो कुणाला पाठवायचे नाहीत, कुठे टाकायचे नाहीत, त्यावरून कुणाला धमकवायचं तर मुळीच नाही. ज्यांच्या वाटेवर आपण कॅमेरा लावला त्यांचा विश्वास गेला तर पुढच्या वर्षी कॅमेरा जागेवर मिळत नाही, आणि तसं झालं तर मी त्यांना दोष देणार नाही.

धरमपेठकर
मोहफूल, रांगण्याचा भाग वाचून आमच्या चिरंजीवांनी हॉलमध्ये प्रात्यक्षिक सुरू केलंय. सोफ्यामागे आजोबा मोबाइल घेऊन कॅमेरा झालेत.

जाळरेषा
मोहफूल यांनी कॅमेऱ्याचं उत्तम लिहिलं. त्याच्या आधी पायी चालणं असतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. प्रत्येक बीटात तीन दिवस रोज पाच किलोमीटर चालून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवायच्या: ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. मग तीन सकाळी दोन किलोमीटरच्या ठरलेल्या सरळ रेषेवर चालून चितळ, सांबर, रोही, डुकरं मोजायची. नुसती संख्या पुरत नाही, जनावर किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला होतं तेही लिहावं लागतं, कारण दाट रानात जवळचंच दिसतं आणि माळावर लांबचंही. याच रेषेवर लेंड्या, झाडोरा, गवत, वृक्षतोडीच्या खुणा.

हे सगळं वनरक्षक आणि वनमजूर करतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात कोलारा भागात अशाच खुणा नोंदवत चालताना एक वनरक्षक ताई वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. आकडा वाचताना तो कोणाच्या पायांनी आला हे लक्षात असू द्या, एवढीच विनंती.

सावजी_रस्सा
काका, हे माहीत होतं पण असं जोडून कधी पाह्यलं नव्हतं. अपूर्णांक ताई, तुमचं गणित समजलं. माझा आक्षेप आता वेगळा आहे. वाघ मोजून होतं काय? आकडा आला, पेपरात छापला, चार वर्षं विसरला. मोजल्यानं काही बदललं असं एक तरी उदाहरण द्या.

काटोलवाला
एक काय, नागपूरकरांच्या रोजच्या रस्त्यावरचं देतो. जबलपूरकडे जाताना देवलापारच्या पुढे रस्ता उंचावर जातो आणि खाली मोकळी जागा दिसते ना? तो राष्ट्रीय महामार्ग ४४. चौपदरीकरण पेंचच्या जंगलातून जाणार म्हटल्यावर प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. जनावरं कुठून ओलांडतात याचा अभ्यास झाला आणि महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ जागी रस्त्याखालून वाटा ठेवल्या गेल्या. काही ५० मीटरच्या, सगळ्यात लांब ७५० मीटरची.

मुख्य गोष्ट पुढे आहे. बांधून झाल्यावर भारतीय वन्यजीव संस्थेनं खाली कॅमेरे लावून पाहिलं की या वाटा कोणी वापरतं का. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर १८ जातींचे प्राणी आले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा गेले. आता दुसऱ्या महामार्गाच्या वेळी "प्राणी खालून जात नाहीत, पैसे वाया" असं कोणी म्हणालं तर हे आकडे समोर ठेवता येतात.

टिटवी
काटोलवाला, हे फार उपयोगी. आम्ही कितीदा त्या रस्त्यानं गेलोय आणि खाली कोण चालतंय याचा विचारही केला नव्हता.

पळस
दुसरं उदाहरण गिधाडांचं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदीत पुन्हा मोजली तेव्हा घसरण दिसली. आधीचा आकडा नसता तर "पूर्वी जास्त असायची बुवा" एवढ्यावरच बोलणं थांबलं असतं. पुढे कारण सापडलं: गुरांना देत असलेलं डायक्लोफिनॅक, मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याची मूत्रपिंडं निकामी करणारं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शंभरात एकाच्याही खाली गेली होती. पहिली मोजणी केली तेव्हा तिचा पुढे काय उपयोग होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी केली. टिटवी, तुमच्या तलावासाठी हे लक्षात ठेवा.

नागभीडकर
मी ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातला. नोकरीला नागपुरात, आईवडील गावी. तुमची सगळ्यांची चर्चा वाचली, आवडली. पण आमच्याकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे वाघ व्याघ्र प्रकल्पात नाही, प्रादेशिक जंगलात आहे. शेताला लागून. धान कापायच्या वेळी बाया खाली वाकून काम करत असतात तेव्हा बांधाच्या पल्याड वाघ बसलेला असू शकतो. माझ्या चुलत्याचा बैल नेला. पंचनाम्यासाठी चकरा मारून मारून चुलता थकला, मग दुसऱ्या खेपेला कालवड गेली तेव्हा त्यानं कळवलंच नाही. आता तुम्हीच सांगा, ती कालवड कोणत्या नोंदीत आली?

गुरं किती मारली, कुठे मारली, किती वाजता, ते जनावर मोकळं होतं का गोठ्यात, हे जर नीट नोंदलं तर कोणत्या गावात गवत आणि सरपणासाठी लांब जाऊ नये, कुठे आधी सावध करावं, हे समजेल. वाघ मोजता तसं हेही मोजा. नाहीतर लोक शेताच्या कुंपणात वीज सोडतात आणि त्यात वाघही मरतो, माणूसही मरतो.

जाळरेषा
नागभीडकर, अगदी बरोबर. भरपाई उशिरा मिळाली की नोंद बंद होते, आणि नोंद बंद झाली की त्या गावात सगळं ठीक आहे असा समज वरपर्यंत जातो. मी नोकरीत असताना माझा आग्रह असायचा की पंचनाम्याला शक्य तितक्या लवकर पोचायचं, बाकी कामं नंतर.

मोहफूल
+१. आणि व्याघ्र प्रकल्पाबाहेरचं रान हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, ताडोबा, बोर ही बेटं नाहीत. मधल्या शेतांतून, नाल्यांतून, झुडपी जंगलांतून वाघ ये-जा करतात म्हणून ती जिवंत आहेत. २०१९ मध्ये नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग परिसरात वाघ आला होता, आठवतंय?

सीताबर्डीकर
आठवतंय म्हणजे काय! आमच्या ऑफिसात आठवडाभर तोच विषय. संध्याकाळी कॅबपर्यंत सगळे घोळक्यानं जायचे.

धरमपेठकर
वाघांच्या प्रवासाचं निघालंच आहे तर, जयचं पुढे काय झालं कोणाला माहीत आहे का? त्याला बघायला आम्ही कऱ्हांडल्याला जायचो.

मोहफूल
जय नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडल्याला आला होता. गळ्यात रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा पट्टा) होती, तरी एप्रिल २०१६ नंतर त्याचा पत्ता लागला नाही. खूप शोध झाला. अफवा अनेक आहेत, त्या इथे नकोत.

त्यापेक्षा टिपेश्वरच्या टी१सी१ या वाघाचं सांगते. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला आणि यवतमाळ, तेलंगणा, मराठवाडा असं फिरत तीन हजार किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बहुतेक वाटचाल शेतांतून, ओढ्यांच्या काठानं, रात्री. कॉलर नसती तर एवढ्या गावांच्या मधून वाघ गेला हे कुणाला कळलंही नसतं. कोणते नाले आणि कोणती झुडपं त्याला दिवसा लपायला पुरली, हे कॉलरनं नकाशावर दाखवलेल्या ठिपक्यांवरून कळतं.

सावजी_रस्सा
तीन हजार किलोमीटर! आमचा पोरगा क्लासले सीताबर्डीपर्यंत जायचं म्हटलं तर गाडी मागते. आज जेवताना त्याले हे सांगतो.

पळस
झुडपी जंगलाचा उल्लेख दोघींनी केला म्हणून थोडं अवांतर, पण माझ्या जिवाचा विषय.

विदर्भात महसुली कागदांत "झुडपी जंगल" म्हणून नोंदलेल्या जमिनी हजारो हेक्टर आहेत. पाहणाऱ्याला त्या पडीक वाटतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमीनच आहेत असं सांगितलं. पण कागदावर वन असणं वेगळं आणि तिथे काय जगतंय हे माहीत असणं वेगळं. तिथल्या बोरी-बाभळींत, हिवरात आणि गवतात कोल्हे, ससे, तितर, चिमणचंडोल राहतात. यांची चार वर्षांनी कोणी फेरी काढत नाही.

गवत तर कोणी बघतच नाही. चितळ गवतावर जगतं आणि एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण पन्नास जनावरं लागतात. गवताच्या जागी तरोटा आणि रानतुळस माजली की चितळाच्या तोंडी लागेल असं काही उरत नाही, दुरून मात्र सगळं हिरवंगार दिसतं. मी दर वर्षी पावसाळा संपताना एकाच जागी एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून आत काय उगवलंय ते लिहितो. गुडघे टेकून बसावं लागतं. पहिल्या वर्षी चौकटीत मारवेल आणि पवन्या ओळखू आले. अलीकडे त्याच चौकटीत तरोट्याची रोपं दाटीनं उभी आहेत, खाली माती उघडी. लांबून काढलेल्या फोटोत हा फरक दिसत नाही. तरोटा शेंग धरायच्या आधी उपटला तर पुढच्या वर्षी कमी येतो, म्हणून नोंद वेळेवर हवी.

सीताबर्डीकर
ड्रोन उडवून एका दिवसात सगळं रान मोजता येणार नाही का?

जाळरेषा
नाही. परवानगीशिवाय अभयारण्यात ड्रोन उडवू नये, आणि घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. तरोटा आणि गवत तर वरून सारखंच हिरवं.

भंडारेकर
टिटवीताई, तुमच्या तलावासाठी सारसांचं उदाहरण घ्या. गोंदिया-भंडाऱ्यात दर वर्षी जूनमध्ये एकाच वेळी भल्या पहाटे सारस मोजतात. गोंदियाची सेवा संस्था, वनविभाग आणि गावातले शेतकरी मिळून. सारसाची जोडी धानाच्या बांधीत घरटं करते, त्यामुळे ज्याची बांधी त्यानं ते राखलं तरच पिल्लू मोठं होतं. आमच्याकडे एका शेतकऱ्यानं घरट्याभोवतीचा धान कापायचा ठेवला होता. तो दर आठवड्याला तिथून जातो, त्याला पिल्लाच्या पायात ताकद कधी आली तेही सांगता येतं. बाहेरून येणाऱ्याला एवढं कधीच कळणार नाही.

तेव्हा तलावावर जाळं टाकणाऱ्या ढीवर बांधवांशी आधी बोला. कोणती पाणवनस्पती कमी झाली, कोणता मासा येईनासा झाला, त्यांना तोंडपाठ असतं. भंडारा-गोंदियात त्याच लोकांनी मामा तलावांतली बेशरम नावाची परकी झुडपं काढून पुन्हा देशी वनस्पती लावल्या आहेत.

अपूर्णांक
भंडारेकर, फार चांगलं. आता टिटवीच्या मूळ प्रश्नाकडे.

तलावावर पक्षी मोजताना तीन गोष्टी पाळा. काठावरच्या त्याच ठरलेल्या जागांवरून, त्याच वेळी, तेवढाच वेळ. यंदा दोन तास आणि पुढच्या वर्षी पाच तास बसलात तर पक्षी वाढले की तुमचा वेळ वाढला हे सांगता येणार नाही. जे दिसलं नाही त्याचं शून्यही लिहा. गेल्या वेळी तलवार बदकं होती आणि यंदा रकानाच नाही, तर ती नव्हती की बघायची राहिली, हे पुढचा माणूस कसा ओळखणार?

मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून ते केवढी जागा व्यापतात ते नजरेत धरा आणि तेवढ्या जागा मोजत पुढे जा. वारकरी पक्ष्यांच्या दाट थव्यात हेच करावं लागतं. दोघांनी वेगवेगळं मोजा, आकडे शेवटी जुळवा, मधे बोलू नका.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तीत तुमचा तलाव घालता येईल. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या तुमच्या वहीपुरत्या राहणार नाहीत.

पळस
पक्ष्यांबरोबर तलावही मोजा. एका पक्क्या दगडावर खूण करून दर वेळी पाणी कुठवर आहे ते लिहा. बेशरम काठाच्या किती भागात आहे, जलपर्णी आहे का, गुरं किती उतरलीत, जाळी किती. नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी कशी पसरली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, पण सुरुवातीला ती कुठल्या कोपऱ्यात होती याची महिन्यागणिक नोंद आपल्यातल्या कुणाकडे आहे?

सीताबर्डीकर
माझ्याकडे अंबाझरीचे जुने फोटो आहेत, तारखेसकट. कुणाला उपयोग असेल तर देईन.

पळस
द्या, नक्की द्या. एकाच जागेवरून काढलेले असतील तर वेगळे काढून ठेवा.

मोहफूल
एक कळकळीची विनंती. वाघाचा ठसा, घुबडाची ढोली, सारसाचं घरटं यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. वनरक्षकाला सांगा, वहीत लिहा.

धरमपेठकर
इथे मी थोडा असहमत. जागा सांगितली नाही तर लोकांना त्या जागेबद्दल आस्था कशी वाटणार? आमच्यासारखे फोटोवाले गेले नसते तर कितीतरी तलाव कोणाला माहीतही नसते.

मोहफूल
तलावाचं नाव सांगा ना, जरूर सांगा. घरट्याचं झाड सांगू नका. एका घुबडाच्या ढोलीसमोर मी सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग पाहिली आहे. त्या वर्षी ती ढोली सोडून गेली जोडी.

धरमपेठकर
हा फरक पटला. घरट्यांचे फोटो मी महिनाभर थांबून, जागा न लिहिता टाकत जाईन.

नागभीडकर
टिटवीताई, गावातल्या एखाद्या शाळकरी मुलाला सोबत घ्या. आणि वर्षाच्या शेवटी आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. तुमच्या नोंदी त्या वहीत गेल्या तर उद्या कोणी तलावात भराव टाकायला आला की गावाजवळ दाखवायला कागद राहील.

सावजी_रस्सा
नागभीडकर भाऊ, हे सगळ्यात कामाचं बोलले. मोजून काय होतं म्हणून मीच विचारलं होतं. गावाच्या हाती कागद येत असेल तर मी मोजायले येतो.

टिटवी
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या गटाशी बोलून असं ठरवलंय.

नोव्हेंबर ते मार्च, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सूर्योदयापासून दोन तास. काठावर चार जागा नक्की करू. तलवार बदक, अडई, काणूक, कमळपक्षी, टिबुकली, वारकरी आणि असतील तर पट्टकदंब हंस, यांचे रकाने आधीच छापून घेऊ, म्हणजे शून्यही लिहिलं जाईल. पाण्याची खूण आणि बेशरमीची नोंद बँकवाल्या काकांकडे, त्यांचं अक्षर सुंदर आहे. झुडपी जंगलाच्या कडेला पळस यांच्या पद्धतीनं चार चौकटी, पाऊस संपताना. गुरं मारल्याच्या घटना गावात विचारून, घरच्यांची तयारी असेल तरच लिहू. पहिली फेरी राज्याच्या पक्षी सप्ताहाच्या सुमारास येते, ५ ते १२ नोव्हेंबर, तेव्हा शाळेतल्या मुलांनाही बोलावता येईल.

जाळरेषा काका, पहिल्या दिवशी तुम्ही याल का? वनरक्षक ताईंना आम्ही कळवणार आहोतच, पण तुम्ही असलात तर पोरांना खुणा ओळखायला शिकवाल.

जाळरेषा
येतो. काठी आणि टोपी घेऊन येतो. पोरांना सांगा, भडक कपडे नकोत आणि पायात बूट हवेत, झुडपी रानात काटे फार. ढीवर मंडळींना आदल्या दिवशी निरोप द्या, ते पहाटे जाळी काढतात, आपण अचानक उगवलो तर त्यांचं काम अडतं.

पळस
चौकट मी करून आणतो. पीव्हीसी पाइपची, सुटी होणारी.

सावजी_रस्सा
नंदनवनातून माझी गाडी निघेल. चौघं बसतात. पहाटे साडेचारला केडीके कॉलेजसमोर उभा राहीन, ज्याले यायचं असेल त्यानं आदल्या रात्रीपर्यंत इथेच लिहावं.

सीताबर्डीकर
माझी एक जागा धरा.